केनिया आणि इथिओपिया: बालवाडीच्या पटनोंदणीची तुलना करतेय. २००३ साली नक्की काय झालं?

रेघोटी

मंडळी, थोडी मदत हवी आहे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी दोन विकसनशील देशांतल्या पूर्वप्राथमिक पटनोंदणीची, म्हणजे बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या मानाने पटावर किती टक्के मुलं आहेत याची, काळानुसार तुलना करायची आहे. मी केनिया आणि इथिओपिया घेतले. सख्खे शेजारी, म्हटलं तुलना सोपी जाईल.

केनियाचे आकडे जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवले. इथिओपियाच्या मालिकेत मध्येमध्ये वर्षंच गायब आहेत, म्हणून तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांतले तक्ते शोधून काढले आणि दोन्ही रेघा एका आलेखावर टाकल्या. केनिया २००० च्या सुमारास चाळीस-एक टक्क्यांवर आहे आणि तिथून रडतखडत वर जातोय. इथिओपिया आधी दोन, मग पाच टक्के, अगदी जमिनीला चिकटलेला. आणि २००३ नंतर एकदम उसळी! २००७ मध्ये चक्क ३९.

केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं तेही २००३ मध्येच. म्हणून मी असं लिहिलं की त्या साली पूर्व आफ्रिकेत मोफत शिक्षणाची लाट आली आणि तिचा फायदा केनियापेक्षा इथिओपियाने जास्त उठवला. वाचायला छान वाटतं. पण मग ज्या देशात लाट उठली त्या केनियाच्या रेघेत तशी उसळी का नाही? हे कोडं सुटेना म्हणून इथे विचारतेय. माझं काय चुकतंय?

जुना मास्तर

रेघोटी, इथिओपियाचा तो तक्ता परत उघड आणि वर्षांच्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'ई.सी.' असं लिहिलंय का ते बघ. लिहिलेलं असणार. ई.सी. म्हणजे इथिओपियन कॅलेंडर. त्यांचं वर्ष सप्टेंबरच्या ११ किंवा १२ तारखेला सुरू होतं आणि आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. सन २००० चा त्यांचा जल्लोष झाला २००७ च्या सप्टेंबरात. तुझं इथिओपियातलं २००३ म्हणजे इसवी सनाचं २०१०-११, आणि तुझं ३९ टक्केवालं २००७ म्हणजे २०१४-१५.

म्हणजे तुझी लाट दोन वेगळ्या पंचांगांत आलेली आहे.

हसू नकोस, मीही फसलोय. २००९ ते २०१४ मी तिथल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होतो. तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक तिकडे होते. पहिल्याच आठवड्यात विभागाच्या कारकुनाने सांगितलं, तास दोन वाजता. मी जेवून, तोंड धुऊन, दुपारी दोनला हजर. वर्गात चिटपाखरू नाही. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. तेव्हापासून तिकडचा कुठलाही आकडा दिसला की आधी मी विचारतो, कुठून मोजलाय?

तुझ्या प्रकल्पालाही हाच प्रश्न लागू आहे, फक्त तो तीन-चार ठिकाणी विचारावा लागेल.

पहिली गोष्ट अंशाची, म्हणजे पटावर कोण कोण आहे याची. २०१० च्या आधी इथिओपियात बालवाडी म्हणजे शहरातली खासगी, फी घेणारी किंडरगार्टन. सरकारने त्यात फारसा हात घातलेला नव्हता. 'यंग लाइव्ह्ज' नावाचा अभ्यास २००२ पासून इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या मुलांचा माग ठेवत आलाय. त्यातली इथिओपियन मुलं बालवाडीच्या वयाची होती तेव्हा शहरातली निम्म्याहून जास्त बालवाडीत गेलेली, आणि खेड्यातली जवळजवळ नाहीतच. देशाची बहुतेक वस्ती खेड्यात. म्हणून तुझी रेघ जमिनीला चिकटलेली.

मग २०१० मध्ये बालशिक्षणाची राष्ट्रीय धोरण-चौकट आली, आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या चौथ्या शिक्षण-विकास कार्यक्रमात दोन स्वस्त मार्ग धरले गेले. एक 'ओ-क्लास', म्हणजे शून्यावी इयत्ता: सरकारी प्राथमिक शाळेतच एक खोली, पहिलीच्या आधीचं एक वर्ष. दुसरा 'चाइल्ड-टु-चाइल्ड': वरच्या इयत्तेतली पोरं आपल्या वाडीतल्या लहानग्यांना गोळा करून खेळवतात, अक्षरं-आकडे शिकवतात. मंत्रालयाच्या ढोबळ पटनोंदणीत किंडरगार्टन, ओ-क्लास आणि ही पोरांनी चालवलेली शाळा, तिन्ही धरली जातात. तुझे ३९ त्यातून आले.

माझ्या घरमालकिणीची मुलगी सहावीत होती. शाळेने तिला या कामाला लावलं होतं. संध्याकाळी अंगणात पाच-सहा चिल्लीपिल्ली घेऊन बसायची. खडे मोजायची, मग अम्हारिक अक्षरं घोकून घ्यायची: हा हू ही हा हे ह हो. आपली बाराखडीच की! एका व्यंजनाची सात रूपं, त्याच ठेक्यात म्हणायची. मी ओट्यावर कॉफी पीत ऐकायचो आणि मला वाटायचं, ही पोरं आता सरकारी टक्केवारीत आली. त्यांना काही मिळत नव्हतं असं मी मुळीच म्हणणार नाही, ती मुलगी माझ्यापेक्षा बरी शिकवायची. पण त्या अंगणातला एक आणि फीवाल्या किंडरगार्टनातला एक यांची बेरीज दोन होते खरी, ते दोघं सारखे नसतात.

आणि गंमत अशी की याच अक्षरांची घोकंपट्टी तिथे पाद्रीबुवांच्या शाळेत शतकानुशतकं चाललेली आहे. चार-पाच वर्षांची मुलं चर्चच्या आवारात बसून हेच म्हणत आली. मुसलमान वस्तीत कुराणशाळा. ती मुलं कुठल्याच टक्क्यात नव्हती. म्हणजे दोन टक्क्यांच्या काळातही मुलं कुठेतरी बसत होतीच, सरकारच्या पटावर नव्हती इतकंच.

छेदाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, चष्मा बदलायचाय.

नैरोबीकरीण

मास्तरांनी इथिओपिया सांगितला, मी केनिया सांगते. नैरोबीत १९९८ पासून आहे.

रेघोटी, तुझं कोडं बरोबर उलटं आहे. २००३ ची लाट केनियाच्या बालवाडीला वर नेणारी नव्हतीच, तिने बालवाडीची पोरं ओढून नेली. जानेवारी २००३ मध्ये किबाकी सरकारने प्राथमिक शाळेची फी काढली. पट ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. वर्ग ओसंडले. पण मोफत झाली ती पहिलीपासूनची शाळा. बालवाडीला फी होतीच. इकडे तिची नावंही गोड आहेत, बेबी क्लास, नर्सरी, प्री-युनिट.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा, प्री-युनिटमध्ये. त्यांनी त्याला काढला आणि सरळ पहिलीत बसवला. मी म्हटलं, अहो, एक वर्ष थांबा, लहान आहे. त्या म्हणाल्या, तिकडे पैसे द्यायचे आणि इकडे फुकट, तुम्ही काय केलं असतं? मला उत्तर सुचलं नाही. अशा कितीतरी आया होत्या.

त्याचा दुसरा फटका बाईंना, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिकेला. प्राथमिकच्या शिक्षकांचा पगार सरकारी आयोग देतो. बालवाडीच्या शिक्षिकेचा पगार पालकांच्या फीतून निघायचा. पोरं गेली की पगार गेला. केनियाची बालवाडी उभीच राहिली ती 'हरांबे'वर, म्हणजे गावाने वर्गणी काढून. १९८४ मध्ये बालशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र निघालं, प्रशिक्षण सुरू झालं, पण खोली आणि पगार गावाचाच. म्हणून तर इथिओपिया दोन टक्क्यांवर होता तेव्हा केनिया चाळिशीत होता: सरकारची वाट न बघता गावांनी चालवल्या म्हणून. आणि त्यामुळेच फी माफ करण्याच्या एका निर्णयाने त्या लटपटल्या.

चित्र बदललं २०१० च्या राज्यघटनेने. तिच्या चौथ्या परिशिष्टात पूर्वप्राथमिक शिक्षण काउंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या सरकारांकडे, दिलंय. ४७ काउंटी सरकारं २०१३ च्या निवडणुकीनंतर आली आणि त्यांनी वर्ग बांधायला, शिक्षिका नेमायला सुरुवात केली. कुठे जोरात, कुठे नुसत्या कोनशिला. तुझ्या आलेखावर केनियाची खरी खूण २०१३ ला कर, २००३ ला उलट्या बाणाची.

अजून एक, किबेरा किंवा माथारेसारख्या वस्त्यांत पत्र्याच्या खोल्यांत भरणाऱ्या नर्सऱ्या कितीतरी. त्यांतल्या बऱ्याच नोंदणीकृत नव्हत्या. ईशान्येकडे सोमाली मुलं लहानपणी दुग्सीत, म्हणजे कुराणशाळेत जातात. मास्तर म्हणतात तेच इथेही.

जुना मास्तर

नैरोबीकरीणबाई, उत्तम. तुमच्या कामवाल्या बाईंचा प्रश्न मी वर्गात मांडायला हवा होता.

आता छेद. टक्केवारीच्या खाली जी मुलांची संख्या असते ती.

केनियात पहिली सहाव्या वर्षी, इथिओपियात सातव्या. म्हणून केनियात बालवाडीचं वय तीन ते पाच धरत आले, इथिओपियात चार ते सहा. म्हणजे सहा वर्षांचं पोर केनियात पहिलीत मोजायचं आणि सीमा ओलांडली की बालवाडीत. तीन वर्षांचं पोर केनियात छेदात आहे, इथिओपियात मोजणीतच नाही. आणि तीन वर्षांची मुलं घराबाहेर कमी पडतात हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. केनियाचा छेद या बाबतीत जड आहे.

त्यावर कडी म्हणजे २०१७ नंतरच्या नव्या अभ्यासक्रमात केनियाने पूर्वप्राथमिक दोन वर्षांचं केलं, पीपी-१ आणि पीपी-२, चार आणि पाच वर्षांसाठी. आता असं समज की दर वयाची शंभर मुलं आहेत आणि पटावर दीडशे. छेद तीन वर्षांचा असेल तर ५० टक्के. छेद दोन वर्षांचा केला की तीच दीडशे मुलं ७५ टक्के होतात. एकही पोर वाढलं नाही, एकही बाक वाढला नाही. केनियाच्या सरकारी अहवालांत अलीकडे शंभराच्या वर गेलेला ढोबळ आकडा दिसला तर आधी हे आठव.

शंभराच्या वर कसा जातो, हे गाईड विचारतील. ढोबळ प्रमाणात पटावरची सगळी मुलं अंशात, वय काहीही असो, आणि छेदात फक्त ठरावीक वयाची. केनियातल्या एल्डोरेटचे किमानी मारुगे २००४ मध्ये पहिलीत बसले, वय ८४. जगभर बातमी झाली. ते ढोबळ प्रमाणात मोजले जातात, निव्वळ प्रमाणात नाहीत, कारण तिथे अंशातही ठरावीक वयाचीच मुलं धरतात. बालवाडीत आजोबा नसतात, पण पहिलीत घेतलं नाही म्हणून दुसऱ्यांदा तोच वर्ग करणारी सहा-सात वर्षांची मुलं असतात.

आणि मुळात छेद कुठून येतो? लोकसंख्येच्या अंदाजातून. केनियात २००९ आणि २०१९ ला जनगणना झाल्या. पैकी २००९ च्या मोजणीत उत्तर आणि ईशान्येकडच्या आठ जिल्ह्यांचे आकडे खुद्द सरकारनेच संशयास्पद ठरवून रद्द केले होते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात बालवाड्या विरळ. इथिओपियाची शेवटची जनगणना २००७ ची, इसवी सन बरं का! पुढची पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली. तेव्हापासून चार वर्षांची मुलं किती, हा अंदाजच आहे. त्यात दोन-चार टक्क्यांची तुलना करायची म्हणजे ढगांची उंची पट्टीने मोजण्यासारखं आहे.

छेद उडवा

+१ सगळ्याला, पण मास्तर, एक तक्रार. तुमच्यासारखी माणसं शंका काढत बसतात आणि शेवटी म्हणतात, तुलना करूच नका. अहो, दोनाचे चाळीस झाले! छेद दहा टक्क्यांनी चुकला तरी पस्तीस होतील, दोन नाही होणार. खेड्यातल्या पोराला आधी काहीच नव्हतं, आता एक खोली तरी आहे. हे सांगायला कॅलेंडर कशाला लागतं?

जुना मास्तर

छेदराव, तुमचं बरोबर आहे. दिशा खरी आहे. मी स्वतः ती खोली बघितलीय, घराशेजारच्या शाळेतली. पाचवीचे जुने बाक, त्यावर बसलेल्यांचे पाय लोंबकळत, सत्तर-ऐंशी मुलं आणि एकच शिक्षिका. ती पहिलीतून काढून इकडे बसवलेली. तिने मला विचारलं होतं, यांना गाणी शिकवू की अक्षरं? तिला दोन्हीचं प्रशिक्षण मिळालं नव्हतं. पण मुलं रोज येत होती, आणि आदल्या वर्षी ती खोली नव्हती. हे मी नाकारत नाही.

माझा आक्षेप रेघोटीच्या दुसऱ्या वाक्याला आहे, 'केनियापेक्षा इथिओपियाने जास्त फायदा उठवला'. दिशा सांग, कारण सांग. पण कोणाची रेघ जास्त उभी म्हणून कोण पुढे, असं म्हणू नकोस. ज्याने फुटपट्टीत नवीन प्रकार धरला त्याची रेघ उभी दिसणारच.

आणि तुलना करायचीच तर करता येते. शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.२.२ नावाचा निर्देशांक आहे: पहिलीत जायच्या अधिकृत वयाच्या आदल्या वर्षी मूल कुठल्या संघटित शिक्षणात आहे का? म्हणजे केनियात पाच वर्षांचं मूल, इथिओपियात सहा वर्षांचं. दोन्ही देशांत एकेकच वय, त्यामुळे तीन वर्षांचा छेद की दोन, हा घोळ संपतो. आणि महत्त्वाचं, यात प्राथमिक शाळेत लवकर बसलेलं मूलही धरतात. म्हणजे नैरोबीकरीणबाईंकडच्या बाईंचा धाकटा, जो ढोबळ प्रमाणात बालवाडीतून 'गळला', तो इथे गळत नाही. इथिओपियातही तेच: पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं ओ-क्लास नव्हता तेव्हा थोरल्या भावंडाच्या बोटाला धरून पहिलीत जाऊन बसायची, पहिलीचा ढोबळ प्रवेश शंभराच्या बराच वर असायचा तो त्यामुळेही. ती पहिली हीच त्यांची बालवाडी होती. ओ-क्लास निघाल्यावर त्यातली काही मुलं एक खोली अलीकडे सरकली. तुझ्या उसळीतला काही भाग हा असा, मूल त्याच आवारातल्या एका खोलीतून दुसरीत जाण्याचा.

शाळेच्या पटाच्या जोडीला घरोघरच्या पाहण्याही बघ, म्हणजे आईला विचारलेलं उत्तर. त्यात पाद्रीबुवांची शाळा कशात धरली ते प्रश्नावलीत वाच. बऱ्याच जुन्या पाहण्यांत शाळेचा प्रश्न पाच वर्षांच्या पुढच्यांनाच विचारायचे, तेव्हा केनियाच्या तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी त्यांचा उपयोग नाही.

रेघोटी

मास्तर, लिहिलेलं होतं! 'ई.सी.', अगदी मुंगीएवढं. तीन महिने तो तक्ता माझ्या भिंतीवर चिकटवलेला होता. सगळी वर्षं सरकवली. आता इथिओपियाची उसळी २०१०-११ नंतर येते आणि केनियात काउंट्या २०१३ ला. लाटेचा परिच्छेद उडवला. त्या जागी लिहिलंय की एका देशात बालवाडी गावाची, फीवाली, आणि प्राथमिकपासून वेगळी होती म्हणून प्राथमिक मोफत होताच तिची मुलं गेली. दुसऱ्यात ती प्राथमिक शाळेच्या आवारातच काढली, म्हणून वाढली. बरोबर ना?

नैरोबीकरीणताई, तो धाकटा पुढे शिकला का?

नैरोबीकरीण

पहिली दोनदा केली. आता मटाटू चालवतो. इकडची मिनीबस गं. बहिणीची मुलगी पीपी-२ मध्ये आहे, काउंटीच्या शाळेत, तिला रोज सोडतो म्हणे.

जुना मास्तर

परिच्छेद ठीक आहे. 'म्हणून वाढली' च्या जागी 'म्हणून पटावर आली' कर. आणि सुधारलेला आलेख बघितला, इथिओपियाची रेघ एके ठिकाणी थेट शून्यावर उतरून परत वर का गेलीय? बालवाड्या एक वर्ष बंद करून परत उघडल्या काय?

रेघोटी

त्या वर्षाचा अहवाल मिळाला नव्हता. चौकट रिकामी सोडली, संगणकाने शून्य धरलं. तोडली रेघ तिथे.